आईची दुसरी फाइल

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कराडहून ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आता सत्तरीची. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, ''आईनं सांगितलेलं तू कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतंस ना, त्यातलं ते कोयनेचं एकदा वाचून दाखव रे. मला हल्ली काही काही आठवेनासं झालंय.''

''आहे की माझ्याकडे. रात्री काढून ठेवतो,'' मी म्हणालो. सदतीस-अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडी 'आहे की' हे शब्द फार सहज येतात.

१९९९ ची दिवाळी आईने आमच्याकडे पुण्यात काढली होती. त्याच वर्षी मी घरी कॉम्प्युटर घेतला होता. हप्त्याने घेतलेला, जुळवलेला, वर धुळीसाठी प्लास्टिकचे झाकण असलेला. दिवाळीच्या आगेमागे चार रविवार आई कॉटवर पाय वर घेऊन वाती वळत बसायची आणि बोलायची, मी दोन बोटांनी टाइप करायचो. तिचे माहेर, लग्न, वडिलांची कोयना प्रकल्पातली कारकुनी, वसाहतीतल्या शेजारणी आणि मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. माझ्या आठवणीत फक्त एक घोंगडी आहे, तिचा खरखरीत वास आहे, आणि कुणाच्या तरी खांद्यावर उलटे लटकून पाहिलेला एक कंदील आहे. बाकी सारे आईकडून ऐकलेले.

खरे सांगायचे तर कादंबरीकार म्हणून मनात एक चोरटा विचारही होता, की हे कधीतरी आपल्याला 'वापरता' येईल. म्हणूनच की काय, प्रिंट काढून आईच्या हातात द्यायचे राहून गेले. घाई काय आहे, असे वाटायचे. २००४ मध्ये आई गेली.

त्या रात्री लॅपटॉप उघडला. 'जुने' नावाच्या फोल्डरात 'पुण्याचे जुने' नावाचा फोल्डर, त्यात 'सीडी'. तिथे आई-एक, आई-दोन, आई-तीन अशा तीन फाइली शिस्तीत उभ्या होत्या. पहिली उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलर, टक्के, डोक्यावर टिंबे असलेली कुठली तरी युरोपी अक्षरे आणि मधूनच चौकोन. टाइपरायटरवर मांजर चालून गेल्यासारखे पानेच्या पाने. तिसरीतही तेच. दुसरी तर उघडेचना.

ताईला फोन करून सांगितले, ''उद्या वाचतो. आज जरा डोळे दुखतायत.''

* * *

इथे बँकेबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण माझी शरम नेमकी तिथेच आहे. मी १९८३ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा दिवसाची व्हाउचरे संध्याकाळी क्रमाने लावून, दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवली जात. वर तारखेचा कागद आणि दोन सह्या. मग बंडल रेकॉर्ड रूममध्ये जाई. तिथे एक दप्तरी होते. शिक्षण बेताचे, पण 'सत्त्याऐंशीचा मार्च, डिमांड ड्राफ्ट' एवढे म्हटले की स्टूल ओढून तिसऱ्या फळीवरचे नेमके बंडल काढून देत. जुने कागद कधी नष्ट करायचे याचे १९८५ चे सरकारी नियम आहेत. काही कागद पाच वर्षे ठेवायचे, काही आठ. आमच्या शाखेत ते पाठ होते. परक्याचा चाळीस रुपयांचा चेक मी आठ वर्षे डोळ्यांत तेल घालून जपला आहे. आणि स्वतःच्या आईचे चार रविवार 'जुने' या नावाखाली टाकून दिले.

पुढे शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आली, मग संपूर्ण संगणकीकरण झाले. दप्तरी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आले नाही. कॉम्प्युटरला शोधायला सांगितले की तो शोधतो, असा सगळ्यांचा समज झाला. पण शोधायचे असेल तर आधी नाव ठेवलेले असावे लागते. दप्तरींचे खरे काम नाव ठेवण्याचे होते. स्टुलावर चढणे हा त्यातला सोपा भाग.

* * *

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह खिशात घालून अप्पा बळवंत चौकाकडे गेलो. तिथल्या एका बोळात तीस वर्षे डीटीपीचे काम करणाऱ्या एक बाई आहेत. माझी एक कादंबरी त्यांनीच अक्षरजुळणी करून दिली होती. त्यांनी फाइल उघडली आणि एका सेकंदात हसल्या.

''सर, मजकूर कुठे गेलेला नाही. फॉन्ट गेलाय.''

मग त्यांनी जे समजावले ते असे. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या पॅकेजांनी त्यावर एक युक्ती काढली होती. कॉम्प्युटरच्या हिशेबी अक्षर इंग्रजीच राहायचे. फॉन्ट त्याच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. आपण 'आ' पाहत होतो, आत साठवलेले होते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांचेही कधी कधी वेगळे. मुखवटा गळून पडला की आतला इंग्रजी चेहरा उघडा पडतो. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता, म्हणून आई इंग्रजीत बरळत होती.

असे व्हायला नको होते, असेही नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण पद्धत १९९१ मध्ये आली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. 'आ' चा क्रमांक २३१० आणि 'ई' चा २३१२. म्हणजे 'आई' हा शब्द आज न्यूयॉर्कच्या कॉम्प्युटरवरही २३१०, २३१२ असाच साठतो आणि 'आई' असाच दिसतो. विंडोज २००० पासून ही सोय घरच्या कॉम्प्युटरवरही येऊ लागली, पण घराघरांत आणि छापखान्यांत ती रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. मधल्या काळात महाराष्ट्रात जे जे टाइप झाले, संस्थांची इतिवृत्ते, दिवाळी अंक, प्रबंध, लग्नाचे बायोडाटा, त्यातले किती आज मुखवट्याविना पडून असेल याचा हिशेब कुणी केलेला नसावा.

मला पेशवे दप्तर आठवले. रुमालांत बांधलेले कागद शाबूत होते, शाईही टिकली होती. पण मोडी वाचणारा माणूस लागत होता. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ मध्ये त्या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे ते सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आले. मोडी मागे पडायला कित्येक पिढ्या लागल्या. आमची लिपी वीस वर्षांतच मोडी झाली.

''फॉन्ट कुठला होता ते आता कसं कळणार?'' मी विचारले.

''ही बघा ना, वरच्या चौकटीत नाव आहे. फॉन्ट तुमच्या मशीनवर नसला तरी फाइल त्याचं नाव विसरत नाही.'' कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर अशाच कामांसाठी त्यांनी जिवंत ठेवला आहे. त्याच्यावर फाइल नेली, आणि पडद्यावर आई मराठीत बोलू लागली. पहिलेच वाक्य होते, 'आमच्याकडे तेव्हा चार म्हशी होत्या, पण चहाला दूध पुरायचं नाही.' दुकानात गिऱ्हाईक होते म्हणून बरे, नाही तर माझे काही खरे नव्हते.

मग त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला. हे काम यंत्र करते, पण चुका ठेवते. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफारही असाच जागा चुकवतो. तेव्हा मूळ मजकूर डाव्या बाजूला ठेवून ओळीओळीने पडताळावे लागते. बँकेत याला आम्ही 'चेकिंग' म्हणत असू. मी घरी दोन दिवस बसून ते केले. मूळ फाइली मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण बदललेल्या प्रतीत काय राहिले ते मुळावरूनच कळते.

* * *

आता दुसरी फाइल. कोयनेचा भाग त्याच फाइलीत होता.

बाईंनी ती उघडून पाहिली, मग कपाळाला आठी घातली. ''सर, ही एक केबीची आहे. बाकीच्या दोन्ही चाळीसच्या वर आहेत. आणि प्रकार बघा काय लिहिलाय. शॉर्टकट.''

ज्यांना हे माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण त्या दिवसापर्यंत मलाही माहीत नव्हते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जी चित्रे दिसतात त्यातली काही म्हणजे खरोखरची फाइल असते, आणि काही म्हणजे 'फाइल अमुक ठिकाणी आहे' असे सांगणारी नुसती चिठ्ठी. चिठ्ठीच्या चित्राला खाली डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. चिठ्ठीवर टिचकी मारली तरी फाइलच उघडते, म्हणून फरक कळत नाही. दुसरा भाग आई पुन्हा पुन्हा दुरुस्त करवी. 'असं नाही रे, आधी भिंत पडली, मग दिवा गेला', असे तिचे चालायचे. तो वारंवार उघडावा लागे म्हणून कॉम्प्युटर बसवणाऱ्या मुलाने माझी सोय केली आणि त्याचा शॉर्टकट पडद्यावर आणून ठेवला. पुढे मी पडद्यावरच्या तिन्ही फाइली फ्लॉपीवर घेतल्या. दोन खऱ्या आल्या, तिसरी चिठ्ठी आली. फ्लॉपीवरून सीडी, सीडीवरून पेन ड्राइव्ह, पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप. पंचवीस वर्षे मी एक पत्ता जपत होतो. ज्या घराचा तो पत्ता होता तो कॉम्प्युटर २००६ मध्ये मी स्वतः भंगारवाल्याला दिला, आणि त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीसही केली.

रोख मोजून घेतल्याशिवाय पावतीवर सही न करणारा मी! पण फ्लॉपी हातात आल्यावर एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी, एवढे सुचले नाही.

शॉर्टकटच्या पोटात मूळ फाइलीची थोडी नोंद असते. बाईंनी ती काढून दाखवली. फाइल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये होती. आकार ४६,०८० बाइट. शेवटची दुरुस्ती १४ नोव्हेंबर १९९९. दिनदर्शिका काढून पाहिली, रविवारच होता.

* * *

आमच्याकडे माणसाचे पूर्ण नाव तीन तुकड्यांचे असते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. फाइलीचेही तसेच आहे असे आता मी नातवाला सांगतो. फोल्डर हे वडिलांचे नाव, मग तिचे स्वतःचे, आणि टिंबानंतर येते ते आडनाव. 'डॉक' म्हणजे वर्डचा कागद, 'जेपीजी' म्हणजे फोटो, 'पीडीएफ' म्हणजे छापल्यासारखे पक्के पान, 'टीएक्सटी' म्हणजे नुसता मजकूर, कसल्याही दागिन्यांशिवाय. डॉसच्या काळात स्वतःचे नाव आठ अक्षरांचे आणि आडनाव तीन अक्षरांचे अशी सक्तीच होती. विंडोज ९५ ने ती उठवली, पण तीन अक्षरी आडनावे रूढ झाली ती झालीच. २००७ पासून वर्डने 'डॉकएक्स' हे नवे आडनाव लावले. गंमत म्हणजे ती फाइल आतून एक झिप गाठोडे असते. अशा गाठोड्याची पहिली दोन अक्षरे 'पीके' असतात. १९८९ मध्ये झिपची पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरे. म्हणजे आडनाव बदलले तरी रक्त बदलत नाही. फोटोच्या फाइलीला 'पीडीएफ' असे आडनाव लिहून कुणी अर्ज भरतो आणि मग 'फाइल उघडत नाही' म्हणून खिडकीवर भांडतो. असे ग्राहक मी पाहिले आहेत.

विंडोज मात्र ही आडनावे मुळात लपवून ठेवते. कुणाला वाटले कोण जाणे, की लोकांना ती पाहून भीती वाटेल. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' विषाणूने याचाच फायदा घेतला. प्रेमपत्राची फाइल दिसायला 'टीएक्सटी', खरे आडनाव त्याच्या पुढे लपलेले 'व्हीबीएस', म्हणजे उघडताच चालू होणारा कार्यक्रम. आता तेच मोबाइलवर आले आहे. लग्नपत्रिका म्हणून किंवा गाडीच्या दंडाचे चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर फाइल येते, आडनाव 'एपीके'. ती पत्रिका नसते. आपल्या फोनमध्ये घर करू पाहणारे अॅप असते, आणि त्याचा डोळा बँकेच्या ओटीपीवर असतो. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला अशी 'पत्रिका' दाखवली, तेव्हा त्यांचे बोट 'इन्स्टॉल'वर होते. पत्रिका कधी इन्स्टॉल करतात का, एवढेच मी विचारले. विंडोजमधली आडनावे दिसू लागण्यासाठी 'व्ह्यू'मध्ये एक खूण करावी लागते. ती मी घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर केली आहे. शॉर्टकटचे आडनाव तरीही दिसत नाही, तिथे बाण आणि आकारच पाहावा लागतो. हे मी विशेष ठळकपणे सांगतो, कारण मला ते महाग पडले.

बाकी आवराआवरीचे म्हणाल तर मी दप्तरींचा मार्ग धरला आहे. नावाच्या सुरुवातीला तारीख, आणि तीही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. उलटे लिहिले तर सगळ्या सालांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. तारखेनंतर काय आहे ते चार शब्दांत. 'फायनल', 'नवीन', 'फायनल नवीन' ही नावे घरात वर्ज्य केली आहेत. फोल्डर थोडे ठेवले: घर, पैसे, औषधपाणी, लेखन, माणसे. पूर्वी मी फोल्डरात फोल्डर अशा सहा सहा खोल्या बांधत असे आणि शेवटच्या खोलीत काय ठेवले ते विसरत असे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंच्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नव्हे, मोबाइलवर आल्याची. तेव्हा नात्यातले महत्त्वाचे फोटो मी 'डॉक्युमेंट' म्हणून मागवतो, म्हणजे ते आक्रसतही नाहीत. सगळ्याच्या दोन प्रती, त्यातली एक मुलीच्या घरी नाशिकला. आणि दिवाळीआधी, लोक कपाटातल्या शालूंना ऊन दाखवतात तशी, प्रत्येक फोल्डरातली एखादी तरी फाइल उघडून वाचायची. बायको म्हणते, माळा आवरायचा टाळण्यासाठी ही नवी सबब आहे. तिचे अगदीच चूक नाही.

* * *

तिसऱ्या फाइलीत आईने भूकंपानंतरचे दिवस सांगितले आहेत. पत्र्याच्या शेडमधले महिने, मग कराडला मामाच्या घरी येणे. त्यात एके ठिकाणी वाक्य आहे: 'ज्यांनी याला घोंगडीत गुंडाळून बाहेर काढलं ते पुढे एकदा कराडला भेटायला आले होते. त्यांचं नाव-गाव मागे सांगितलंच आहे.'

मागे म्हणजे दुसऱ्या फाइलीत. वडील त्या रात्री कामानिमित्त साताऱ्याला होते. कोयनानगरची बहुतेक घरे पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. मला ज्याने बाहेर काढले त्या माणसाचे नाव आईने मला सांगितले होते आणि मी ते स्वतःच्या दोन बोटांनी टाइप केले होते. ते मला आठवत नाही. रात्री जागून आठवून पाहिले. आडनाव चार अक्षरी होते असे वाटते. पण हे वाटणेही आता मी मनाने रचले असेल.

गेल्या महिन्यात कराडला गेलो. ताईला दोन्ही फाइली वाचून दाखवल्या. म्हशींच्या वाक्याला ती खूप हसली. मग दुसरीचे सांगितले. ती रागावली नाही, हेच लागले.

''नाव नाही रे आठवत मला,'' ती म्हणाली. ''पलीकडच्या ओळीतले होते. त्यांची बायको गर्भार होती. पहाटे मैदानात तिनं आपल्याला पितळी तांब्यातून चहा दिला होता, गुळाचा. तू प्यायला नाहीस, रडत होतास. त्यांच्या एका पायात चप्पल होती, एक पाय अनवाणी. सगळे त्यांना काहीतरी म्हणून हाक मारायचे... आण्णा? नाही, आण्णा दुसरे.''

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करत होतो. युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत. ताई मधेच थांबायची, खिडकीतून बाहेर बघायची, मग 'खोड ते' म्हणायची आणि पुन्हा सुरू करायची. दीड तास झाला. निघताना फाइलीचे नाव तिला वाचून दाखवले: '१९६७-१२-११ कोयनानगर, ताईच्या आठवणी'. तिथेच दुसऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे तिच्या नातवाच्या, ती उघडून पाहिली. उघडली. एक प्रत त्याच्याकडे ठेवली, दोन पाने छापून ताईच्या उशाशी दिली.

ज्यांनी मला उचलले त्यांच्या नावाच्या जागी तीन टिंबे सोडली आहेत.